सरकारने काय लक्षात ठेवले
भारताच्या स्मारक नाण्यांवरील पुस्तकाची प्रस्तावना

१५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताक भारताची पहिली नाणी चलनात आली. सहाव्या जॉर्जचे डोके गेले आणि त्या जागी सारनाथचे सिंह आले. मागच्या बाजूला गव्हाची कणसे, बैल, घोडा. माणूस कुठेच नव्हता. शंभराहून अधिक वर्षे रुपयावर परक्या राजाराणीचा चेहरा पाहिलेल्या देशाने आपल्या नाण्यावर कोणाचाच चेहरा ठेवला नाही, आणि हा संयम चौदा वर्षे टिकला. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू गेले. त्याच वर्षी त्यांच्या चेहऱ्याचा एक रुपया आणि पन्नास पैसे निघाले. दोन्ही निकेलचे, बाजारात खर्चायचे. पन्नास पैशांवर नाव कुठे इंग्रजीत, कुठे हिंदीत, त्यामुळे संग्राहकांना पहिल्याच वर्षी दोन प्रकार मिळाले. भारताच्या स्मारक नाण्यांची मालिका इथे सुरू होते.

तिला आता साठ वर्षे होऊन गेली. या काळात टांकसाळींनी नेते, संत, शास्त्रज्ञ, बँका, रेल्वे, मंदिरे, शेतकरी, लहान मुले, मासेमारी, अन्नधान्य आणि एक रेडिओ कार्यक्रमसुद्धा नाण्यावर आणला. ही यादी नुसती वाचली तरी करमणूक होते. पण सलग वाचली, तर सरकारने कोणत्या काळात काय लक्षात ठेवायचे ठरवले, ते कोणत्या धातूत ठेवले आणि ते कोणाच्या हातात पडावे असे त्याला वाटले, हे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. प्रस्तुत पुस्तक या तीन प्रश्नांभोवती बांधलेले आहे. त्यातला तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला गेला, म्हणून त्याकडे इथे थोडे अधिक लक्ष दिले आहे.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. धनत्रयोदशीला सराफाकडून येणारे लक्ष्मी-गणपतीचे चांदीचे ‘नाणे’ हे नाणे नसते, ते पदक असते. त्यावर रुपयांत किंमत नसते आणि त्यामागे सरकार नसते. २०११ च्या नाणे कायद्यात स्मारक नाण्याची व्याख्या आहे: एखाद्या विशिष्ट प्रसंगाच्या वा घटनेच्या स्मरणार्थ सरकारने, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या संस्थेने, पाडलेले आणि भारतीय चलनात किंमत लिहिलेले नाणे. म्हणजे मखमली पेटीत बसलेले शंभर रुपयांचे चांदीचे नाणेही कायद्याने शंभर रुपयेच. ते घेऊन कोणी किराणा आणायला जात नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रसंगासाठी नाणे पाडण्याची कल्पना या भूमीला नवी नाही. समुद्रगुप्ताने अश्वमेध केला आणि यज्ञाच्या घोड्याचे सोन्याचे नाणे पाडले. जहांगीर बादशहाने बारा राशींच्या चित्रांची नाणी काढली, तर समारंभात उधळण्यासाठी मोगल दरबार ‘निसार’ नावाची हलकी नाणी पाडत असे. महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण नाशिकजवळच्या जोगलटेंभीचे. तिथे १९०६ साली सापडलेल्या चांदीच्या ठेव्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. सगळी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. हरवलेल्या शत्रूचे नाणे वितळवून टाकायचे सोडून त्याच्याच तोंडावर आपले चिन्ह उमटवायचे, याहून स्पष्ट विजयस्मारक सापडणे कठीण. काटेकोर नाणकशास्त्री याला स्मारक नाणे म्हणणार नाहीत. त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि तरीही इथे ते बाजूला ठेवावेसे वाटते. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडला गेलेला ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला सोन्याचा होन याच परंपरेतला. त्या इवल्याशा सोन्यावर चित्र नाही, फक्त अक्षरे आहेत, आणि तीच घोषणा आहे.

संस्थानांनीही हा नाद केला. बिकानेरच्या गंगासिंहांनी आपल्या राजवटीची पन्नास वर्षे १९३७ मध्ये नाण्यांवर साजरी केली. कच्छच्या मदनसिंहजींनी १९४७ मध्ये आपल्या ‘कोरी’ या नाण्यावर ‘जय हिंद’ छापले. एका संस्थानिकाच्या नाण्यावर नव्या देशाचे स्वागत, हा त्या वर्षाचा चमत्कारिक दस्तऐवज आहे.

आता धातू. सामान्य वाचकाला इथे कंटाळा येईल असे वाटते, पण खरी कथा इथेच दडलेली आहे. ब्रिटिश काळातला रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि जवळपास ९२ टक्के चांदीचा होता. दुसऱ्या महायुद्धात चांदीची ओढाताण झाली तेव्हा १९४० मध्ये सरकारने नवे मिश्रण आणले: चांदी ५०, तांबे ४०, निकेल ५, जस्त ५. युद्ध संपले, १९४७ मध्ये चलनी रुपयातून चांदी पूर्णपणे गेली. पण ते मिश्रण मेले नाही. स्वातंत्र्यानंतरची चांदीची बहुतेक स्मारक नाणी याच धातूत पाडली गेली. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला निघालेले ७५ रुपयांचे नाणे पाहा: व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, कडेला २०० दाते, आणि धातू तोच, युद्धकाळातल्या टंचाईने जन्माला घातलेला.

या चांदीची सुरुवात मात्र जास्त उदार होती. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला चार नाणी निघाली. वीस पैसे पिवळ्या ॲल्युमिनियम-ब्राँझचे, पन्नास पैसे आणि एक रुपया निकेलचे, आणि दहा रुपये १५ ग्रॅम वजनाचे, ८० टक्के चांदीचे. ज्याला जसे परवडेल तसे गांधी. एका प्रसंगाला इतक्या थरांतल्या माणसांपर्यंत नेण्याचा असा विचार पुढे फार थोड्या वेळा दिसतो.

या दहा रुपयांत १२ ग्रॅम चांदी होती. पुढे काय झाले ते आकडेच सांगतात. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला आलेले दहा रुपये वजनाने मोठे, २२.५ ग्रॅम, पण चांदी निम्मी. म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. १९७३ मध्ये ३० ग्रॅमचे वीस रुपये आले, १९७४ मध्ये जवळपास ३५ ग्रॅमचे पन्नास रुपये, १९८० मध्ये ३५ ग्रॅमचे शंभर रुपये. सगळ्यांत चांदी निम्मी. दर दहा रुपयांमागे चांदी किती, असा हिशेब केला तर १९६९ मध्ये १२ ग्रॅम, १९७३ च्या वीस रुपयांत साडेसात, १९७४ मध्ये साडेतीन, १९८० मध्ये पावणेदोन. अकरा वर्षांत चांदीच्या तुलनेत रुपया इतका खाली आला. १९७४ च्या आणि १९८० च्या नाण्याचे वजन जवळपास तेच, वर लिहिलेली किंमत मात्र दुप्पट. अर्थशास्त्राच्या वर्गात महागाई शिकवायला याहून सोपे साधन मिळणार नाही.

हीच वर्षे घोषवाक्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने देशोदेशींच्या सरकारांना अन्न या विषयावर नाणी काढायला लावले होते आणि भारत त्यात १९७० पासून उत्साहाने उतरला. ‘सर्वांसाठी अन्न’, ‘अधिक धान्य पिकवा’, ‘नियोजित कुटुंब’, महिला वर्षाची समता-विकास-शांती, ‘विकासासाठी बचत’, ‘सर्वांसाठी अन्न आणि निवारा’, मग १९७९ चे बालक वर्ष, १९८० मध्ये ग्रामीण महिला. एका बाजूला चांदीचे पन्नास रुपये, दुसऱ्या बाजूला तेच चित्र ॲल्युमिनियमच्या पाच-दहा पैशांवर. त्या हलक्या दहा पैशांतून गोळ्या-बिस्किटे घेणाऱ्या पिढीने सरकारचा पंचवार्षिक कार्यक्रम खिशात बाळगला, बहुधा न वाचताच. या नाण्यांवर नेता नाही, देव नाही. आहे ते छोटे कुटुंब, कणीस, घर, मूल. भारतीय स्मारक नाण्यांचा हा सर्वांत प्रामाणिक काळ असे म्हणायला हरकत नाही. सरकार त्यात स्वतःची पाठ थोपटत नव्हते, लोकांना काही करायला सांगत होते. ते सांगणे कधी कधी जबरदस्तीच्या अंगाने गेले, हे कुटुंबनियोजनाच्या बाबतीत विसरता येत नाही. त्यामुळे ही नाणी हातात घेताना त्यांच्यावरची तारीखही वाचावी लागते.

१९८२ च्या आशियाई स्पर्धांनंतर सूर बदलला. १९८५ मध्ये इंदिरा गांधींचे नाणे आले, १९८९ मध्ये नेहरूंची जन्मशताब्दी, १९९० मध्ये डॉ. आंबेडकरांचा एक रुपया. मग चेहऱ्यांची रांग लागली. सरदार पटेल, सुभाषचंद्र बोस, चित्तरंजन दास, अरविंद घोष. महाराष्ट्राच्या वाट्याला या रांगेत बरेच आले. १९९९ मध्ये ज्ञानेश्वरांचा एक रुपया आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ मध्ये तुकोबांचे दोन रुपये, २००७ मध्ये लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. टिळकांच्या जन्माला दीडशे वर्षे २००६ मध्ये झाली होती. जयंती आधी आणि नाणे मागून, हा आपल्याकडचा जुनाच रिवाज. बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या आगगाडीला २००३ मध्ये दीडशे वर्षे झाली, त्याचे नाणेही याच काळातले. हातात कंदील घेतलेला रेल्वेचा ‘भोलू’ हत्ती त्यावर आहे. संत-महंतांच्या गर्दीत तो पाहिला की बरे वाटते.

चेहऱ्यांबरोबर राजकारणही आले, आणि ते लपवण्याचा कोणी फारसा प्रयत्न केला नाही. एम. जी. रामचंद्रन, एन. टी. रामाराव, करुणानिधी यांची शंभर रुपयांची नाणी त्या त्या राज्यातल्या भावनेची दखल घेतात. २०१८ च्या डिसेंबरात, निधनानंतर चारेक महिन्यांतच, वाजपेयींचे नाणे निघाले. धार्मिक विषयांवरून वादही झाला. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आणि वैष्णोदेवी यांच्या नाण्यांविरुद्धची जनहित याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. अशा नाण्यांनी धर्मनिरपेक्षतेला बाध येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. कोणाचे नाणे निघाले याइतकेच कोणाचे निघाले नाही हेही वाचकाने या पुस्तकात शोधावे.

या टप्प्यावर नाण्यावरच्या आकड्याचाही स्वभाव बदलला. पूर्वी दर्शनी किंमत दहा, वीस, पन्नास, शंभर अशी चलनाच्या शिस्तीत असे. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेला ७५ वर्षे झाली म्हणून नाणे ७५ रुपयांचे. टागोरांच्या जन्माला दीडशे वर्षे, नाणे १५० रुपयांचे. आंबेडकरांची १२५ वी जयंती, १२५ रुपये. गुरू गोविंदसिंहांचे ३५०, गुरू नानकांचे ५५०, बृहदीश्वर मंदिराची हजार वर्षे म्हणून हजार रुपये. आता नाण्यावरचा आकडा वाढदिवसाचा असतो, किमतीचा नाही. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त निघालेले ९० रुपयांचे नाणे ४० ग्रॅम शुद्ध चांदीचे आहे. ते कोणी नव्वद रुपयांच्या व्यवहारात दिले, तर देणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी करावी लागेल. २०११ च्या कायद्याने नाण्याच्या किमतीला हजार रुपयांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे हजार वर्षांहून जुन्या कोणत्याही गोष्टीच्या स्मारकाला यापुढे हा हिशेब लावता येणार नाही.

आणि सोने? इथे भारत जगापेक्षा वेगळा पडतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकसाठी कॅनडाने चांदीच्या २८ नाण्यांबरोबर सोन्याचे शंभर डॉलर काढले. दक्षिण आफ्रिकेचे क्रुगरँड १९६७ पासून, कॅनडाचे मेपल लीफ १९७९ पासून जगभर विकले जात होते. सोन्यावर जीव टाकणाऱ्या भारतात मात्र चांदीच्या या मोठ्या मालिकेला समांतर अशी सोन्याची मालिका उभी राहिली नाही. एक कारण उघड आहे. १९६३ पासून सुवर्णनियंत्रणाचे नियम होते, १९६८ मध्ये त्यांचा कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत नागरिकांना सोने लगडीच्या वा नाण्याच्या रूपात बाळगायला मनाई होती. जे घरात ठेवणे गुन्हा, ते सरकारने टांकसाळीतून विकणे कठीणच. घराघरांतली सोन्याची हौस दागिन्यांकडे वळली. महाराष्ट्रात तर सोन्याचे नाणे आधीपासूनच गळ्यात होते. पुतळ्यांच्या माळेचा उगम व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यात आहे.

तरी मुंबईने सोने पाडलेले आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा काही महिने चालली. तिथे सॉव्हरिन ही ब्रिटिश सोन्याची नाणी सुमारे तेरा लाख पाडली गेली. तारखेजवळचे छोटे ‘आय’ हे अक्षर त्यांची ओळख. त्याच वर्षी मुंबईनेच पंधरा रुपयांची सोन्याची मोहोर काढली, वजनाने आणि कसाने सॉव्हरिनइतकीच. ती दोन्ही स्मारक नाणी नव्हती, युद्धकाळातल्या सोन्याच्या गरजेतून आलेली होती. पण आज एखाद्या आजीच्या डब्यात निघणारी ‘गिनी’ बहुधा याच घराण्यातली. २०१५ मध्ये सरकारने अशोकचक्राचे ‘इंडियन गोल्ड कॉइन’ आणले, पाच आणि दहा ग्रॅमचे, २४ कॅरेट. त्यावर रुपयांत किंमत नाही. म्हणजे वर दिलेल्या व्याख्येने तेही लक्ष्मी-गणपतीच्या रांगेत बसते.

या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्यांत ढोबळमानाने तीन पंथ आहेत. एक इतिहासकारांचा. १९१० मध्ये स्थापन झालेली भारतीय मुद्रा परिषद आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था यांनी प्राचीन ते मराठेशाही नाण्यांवर मोलाचे काम केले. महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरचा १९८९ चा ग्रंथ अंजनेरीचाच. पण या पंथाला प्रजासत्ताकाची नाणी अजून ‘कालची’ वाटतात आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. दुसरा पंथ संग्राहकांचा. त्यांना ठशातला फरक, दात्यांची संख्या, टांकसाळीची खूण यांत रस. तारखेखालचा छोटा चौकोनी हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचा. तिसरा पंथ बाजारभावाचा. त्याबद्दल कमी बोललेले बरे, पण आज त्याचाच आवाज सर्वांत मोठा आहे.

त्या आवाजामुळे हे पुस्तक आत्ताच यायला हवे होते. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो रुपये मिळतील अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपले नाव वापरून फसवणूक होते आहे, असा इशारा रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये द्यावा लागला. ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ मध्ये काढलेली म्हणून रामदरबाराची तांब्याची ‘नाणी’ विकली जातात. कंपनीने तशी नाणी कधी काढलीच नाहीत, ती देवळातली टोकन आहेत. दुसरा गोंधळ खऱ्या नाण्यांचा. दहा रुपयांच्या द्विधातू नाण्यावर इतक्या प्रसंगांची चित्रे आली की दुकानदार ते खोटे समजून घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने चौदाही प्रकार वैध असल्याचे जाहीर केले. स्मरणाचा अतिरेक झाला की लोक मूळ नाण्यावरच संशय घेतात, असा अनुभव जगात क्वचितच कुठल्या सरकारला आला असेल.

पुस्तकाची रचना सालवार नाही. ज्या प्रसंगासाठी नाणे निघाले त्याचा सरकारी संदर्भ, त्याचा धातू आणि ते कोणत्या वाटेने लोकांपर्यंत गेले, या क्रमाने प्रत्येक नाण्याकडे पाहिले आहे. एकाच प्रसंगाचे चलनी नाणे आणि संग्राहकांसाठीची प्रत शेजारी ठेवली आहे. प्रूफ प्रत म्हणजे काय, हे नवख्याला तिथेच कळेल: ठसा आणि कोरी चकती दोन्ही घासून चकचकीत करतात, एकाहून अधिक वेळा दाब देतात, मग पार्श्वभूमी आरशासारखी उतरते आणि चित्र दुधाळ दिसते. अशी प्रत टांकसाळीकडे आगाऊ नोंदणी करून, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे भरून मिळते. चलनी जुळे मात्र चहाच्या टपरीवर सुट्या पैशांत येते. गांधी शताब्दीच्या चार नाण्यांपासून नव्वद रुपयांच्या एकाच चांदीच्या नाण्यापर्यंतचा प्रवास या जोड्या पाहताना आपोआप उलगडतो.

बाजारभाव मुद्दाम दिलेले नाहीत. ते पुस्तक छापून होईपर्यंत शिळे होतात आणि वाचकाचे डोळे चित्राऐवजी आकड्याकडे नेतात. पदके, देवस्थानांची टोकन आणि सराफांची नाणी वगळली आहेत, शेवटच्या परिशिष्टातल्या खऱ्या-खोट्याच्या तुलनेपुरती सोडून. टांकसाळीच्या खुणांचे कोष्टकही त्याच परिशिष्टात आहे. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर आधी ‘बी’ आणि १९९६ पासून ‘एम’ हे अक्षर येते, एवढे लक्षात ठेवून ते उघडले तर वाचकाची निम्मी शोधाशोध वाचेल.